ओलं पोतं

"हे पोतं कोरडं आहे," सबनीस सर म्हणाले. "भिजवून आण."

ते माझ्याशी बोलत होते. माझ्याकडे बघतही होते, पण त्यांनी मला ओळखलं नव्हतं. त्यांच्या लेखी मी यजमान संघातली कुणीतरी काळीसावळी पोर होते आणि त्यांच्या संघाच्या बाकाजवळ बूट पुसायला एक गोणपाट टाकून गेले होते, एवढंच. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. वर्षभर मी ज्या माणसाचं तोंड डोळे मिटले तरी विसरू शकत नव्हते, त्या माणसाला माझं तोंड आठवतसुद्धा नव्हतं.

"हो सर," मी म्हणाले.

पोतं उचललं, कोपऱ्यातल्या नळाखाली धरलं, चांगलं ठिबकेपर्यंत भिजवलं आणि आणून त्यांच्या बाकापुढे पसरलं. चारी कोपरे नीट ओढून दिले. लग्नघरातसुद्धा कुणी एवढ्या अगत्याने पाट मांडला नसेल.

परत आमच्या बाजूला आले तर मुल्ला मास्तर वाट बघत उभे होते. दस्तगीर मुल्ला. दिवसा मार्केट यार्डातल्या एका पेढीवर काट्यावर वजनं बघायचे आणि संध्याकाळी आम्हाला बास्केटबॉल शिकवायचे.

"पाव्हण्यास्नी सांगितलंस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं," मी म्हणाले.

मास्तरांशी मी बोललेलं ते पहिलं खोटं. आणि ते इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

आता काय सांगायचं होतं ते सांगते. सांगलीच्या मार्केट यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून आमचं कोर्ट होतं. हमालांच्या मंडळाचं. माझ्या आप्पांनी आणि त्यांच्या टोळीने सिमेंटच्या गोण्या स्वतःच्या पाठीवरून वाहून ते केलेलं. भिंतीपलीकडे हळदीची गोदामं. फाल्गुन-चैत्रात तिथे हळद पॉलिश करायचे ड्रम दिवसभर फिरत असायचे आणि त्यांची पिवळी भुकटी उडून आमच्या कोर्टावर बसायची. झाडलं तरी तासाभरात पुन्हा. आम्ही खेळून घरी गेलो की पायाच्या नखांपासून केसांपर्यंत पिवळ्या. यार्डातल्या बायका म्हणायच्या, या पोरींना रोज हळद लागतीया, लग्न तेवढं एकीचंबी ठरंना.

त्या भुकटीवर बूट सरकतात. मग काय करायचं? टाच दोनदा आपटायची आणि तळ कोरड्या गोणपाटावर घासायचा. कोरड्या म्हणजे कोरड्याच. पाणी लागलं की हळदीचा लेप होतो, आणि तो तळाच्या खाचांत भरून बसला की पायाखाली साबण बांधल्यासारखं होतं. आम्हाला हे पहिल्या आठवड्यात कळायचं, कारण प्रत्येक पोर एकदा आपटायचीच. बाहेरून येणाऱ्यांना मात्र आधी सांगायचं असा मास्तरांचा दंडक होता. कर्णधाराने स्वतः जायचं, पाहुण्यांना कोरडं पोतं द्यायचं आणि पाणी लावू नका म्हणून सांगायचं. सांगितल्याशिवाय सामना सुरू करायचा नाही.

"खेळात हरवा, घाम काढा, कायबी करा," मास्तर म्हणायचे. "पर आपल्या जमिनीनं कुणाला पाडायचं न्हाई."

त्या वर्षी कर्णधार मी होते.

सबनीस सर मोठ्या शहरातल्या क्लबचे. त्यांच्याकडे लाकडी फळ्यांचं कोर्ट होतं, वर छप्पर, दिवे, आणि दारातच पाय पुसायला ओलं फडकं. लाकडावर ओलंच चांगलं. धूळ निघते आणि बूट चिकटतो. म्हणून त्यांनी पोतं भिजवून मागितलं. त्यात त्यांची चूक एवढीच की त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारायची सवयच नव्हती. मी सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी दाताखाली धरून ठेवलं, वर्षभराचं व्याज वसूल करायला.

आदल्या वर्षी त्यांच्या हॉलमध्ये विभागाच्या संघाची निवड होती. आमच्या मंडळातून मला एकटीला बोलावणं आलं. माझे बूट शनिवारच्या बाजारातले, घोट्यापर्यंतचे निळे कॅनव्हास, खाली काळ्या रबराचा जाड तळ. बाजारात त्यांचा ढीग असतो, जोडी शोधायला लागते. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या दोन्ही टाचा सोलून काढल्या. आत स्पंज नावाला नव्हता म्हणून मी पोत्याचे दोन तुकडे कापून घातले होते. उडी मारून खाली आलं की गुडघ्यापर्यंत ठणका जायचा. महिन्याभरात चवड्यापाशी फाटले, तेव्हा आप्पांनी गोण्या शिवायच्या दाभणाने सुतळी ओढून शिवले. जडही होते. पण सिमेंटवर त्या बुटांसारखे बूट नव्हते. खोल खाचांचा तळ, थांब म्हटलं की जागच्या जागी थांबायचे. डावीकडे झुकून उजवीकडे वळायचं म्हटलं तर अंगाआधी पाय वळायचे. मी त्यांच्यावर जीव टाकायचे.

लाकडावर त्यांनी माझी लाज काढली. म्हणजे सरकले नाहीत, डाग पाडले. मी जिथे जिथे थांबले, वळले, तिथे तिथे फळ्यांवर काळे ओरखडे उठले. दहाव्या मिनिटाला सबनीस सरांनी शिट्टी वाजवली.

"कुणाचे आहेत हे बूट?"

कोर्टभर माझी वाट उमटली होती. विचारायची गरजच नव्हती.

"काढ," ते म्हणाले. मी काढले. "हे कोर्ट आहे, गुरांचा गोठा नाही. तो टॉवेल आहे ना तुझ्याकडे? पूस. डाग निघेपर्यंत पुसायचं."

तो टॉवेल नव्हता, आप्पांचा पंचा होता. घाम पुसायला त्यांनी सकाळी माझ्या पिशवीत घातला होता. मी अनवाणी गुडघ्यांवर बसले आणि या बास्केटपासून त्या बास्केटपर्यंत पुसत गेले. वीस मुली बघत उभ्या होत्या. कोरड्या पंच्याने रबराचा डाग कुठला निघतोय? पण मी घासत राहिले. मान वर केली असती तर रडले असते, म्हणून मान वर केली नाही. सगळं झाल्यावर सर माझ्याजवळ आले, आणि रागाने नव्हे, अगदी समजावून सांगावं तसं म्हणाले, "पायीची वहाण पायीच बरी, बाळ. तू सिमेंटवरच खेळ."

माझं नाव यादीत आलं नाही. माझ्या जागेवर त्यांच्या मुलीचं आलं, अरुंधतीचं. घरी मी आप्पांना सांगितलं की माझा खेळ कमी पडला. पंचा परत दिला नाही, कृष्णेत सोडून दिला.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी गेली ती तिथेच राहिली. वर्षभर रोज पहाटे त्याच बुटांनी मी त्या कोर्टावर पळत होते आणि डोळ्यांपुढे एकच चित्र असायचं. सबनीस सर आमच्या सिमेंटवर गुडघे टेकून बसलेत. कशासाठी बसलेत ते चित्रात नसायचं. बसलेत, एवढं मला पुरेसं होतं.

आणि पाळीप्रमाणे त्या वर्षीचा विभागीय अंतिम सामना सांगलीकडे आला. सरांनी आपल्या हॉलमध्ये घ्या म्हणून पत्रं धाडली म्हणे, पण पाळी ती पाळी. याच सामन्यावरून विभागाची निवड व्हायची होती, आणि बारा दिवसांनी राज्य स्पर्धा. ती मात्र त्यांच्या हॉलमध्ये.

चार वाजता सामना सुरू झाला. भिंतीवर हमाल बसलेले, आप्पा मधोमध, डोक्याला पटका. ड्रम चालू होता. गोदामाच्या मालकांना तो बंद ठेवा म्हणून सांगायला मी जायचं होतं. गेले नव्हते.

पहिली पाच मिनिटं त्यांचीच होती. खोटं कशाला बोलू? अरुंधती चांगली खेळायची. उंच, हात लांब, बॉल तिच्या हाताला सुतळीने बांधल्यासारखा. दोनदा माझ्या कानाजवळून गेली आणि दोन्ही वेळा बास्केट. तिच्या पायात परदेशी बूट होते, पांढरेशुभ्र, घोट्याभोवती गादी, मऊ तळाचे, उतरताना आवाजसुद्धा होत नव्हता. माझे बूट धबाधब वाजत होते.

मग सरांनी वेळ मागितला, आणि त्यांच्या पाचही पोरी ओल्या पोत्यावर पाय पुसून परत आल्या.

अरुंधती पुन्हा माझ्या अंगावर आली, तशीच, डावा खांदा पाडून. मी आडवी झाले. ती थांबायला गेली आणि तिचा पाय थांबलाच नाही. हातभर पुढे गेला. बॉल सुटला, मी उचलला आणि पळाले. मागे वळून बघायचं कारणच नव्हतं. बास्केटखाली मी बूट रोवले, ते रुतल्यासारखे थांबले, आणि मी सावकाश, अगदी सावकाश बॉल वर टाकला. भिंतीवरून ओरडा उठला.

त्यानंतर त्या घसरायलाच लागल्या. घसरल्या की पाय पुसायला पोत्यावर, पुसून आल्या की आणखी घसरायच्या. त्यांचे पांढरे बूट आधी कडेने पिवळे झाले, मग वरपर्यंत. सर बाकावरून ओरडत होते, "नीट पुसा! दाबून पुसा!" आणि त्या बिचाऱ्या दाबून पुसत होत्या. आमची मालन माझ्याजवळून पळताना हसून म्हणाली, "अगं, ह्यांस्नी कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"गप खेळ," मी म्हणाले.

मला मजा येत होती. हे स्पष्टच सांगते. नुसती जिंकायची मजा नव्हती ती. एकेक पोर हात टेकून पडायची, तळहाताला पिवळा चिखल लागायचा, आणि माझ्या पोटात काहीतरी गोड व्हायचं. पी हळद अन् हो गोरी, असं मनात म्हणत होते मी.

मध्यंतराला आम्ही सात गुणांनी पुढे होतो. मास्तर माझ्याकडे बघत होते. पाण्याचा तांब्या घेऊन मी नळाकडे गेले तर अरुंधती मागून आली. एकटीच. घामाने निथळलेली, कोपर सोललेलं.

"शैला," ती म्हणाली.

तिला माझं नाव माहीत होतं.

"आमचे पाय राहतच नाहीयेत इथे. तुम्ही रोज खेळता, तुम्ही काय करता गं? बाबांना विचारलं तर चिडतात. तू सांग ना."

तिच्या मागे वीस पावलांवर तिचे बाबा उभे होते. पँटीच्या घड्या अजून जागच्या जागी. अजून पांढरे.

"पोतं वाळलं असेल," मी म्हणाले. "अजून भिजवून घ्या. सगळ्याच जणी घ्या पुसून."

"थँक यू," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी घेऊन गेली.

दुसऱ्या डावात काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. तिसरं की चौथं मिनिट असेल. अरुंधतीने बॉल चोरला, पळत आली, एका पायावर उडी घेतली. सुरेख उडी होती. बॉल आत गेला. ती खाली आली ती उजव्या पायावर, आणि पाय बाहेर गेला, गुडघा आत. आवाज झाला. वाळकी काठी मोडावी तसा. भिंतीवरच्या हमालांनीसुद्धा तो ऐकला.

ती ओरडली नाही. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता.

सबनीस सर पळत आले, दोन ठिकाणी घसरत आले, आणि माझ्या सिमेंटवर, माझ्या डोळ्यांसमोर गुडघे टेकून बसले. पांढऱ्या पँटीचे दोन्ही गुडघे पिवळ्या राड्यात. हात पिवळे, कपाळाला लावलेला हात म्हणून कपाळ पिवळं. "अरू, अरू बाळा, हलवू नकोस," एवढंच म्हणत होते.

वर्षभर बघितलेलं चित्र हेच. मी तिथेच उभी होते, त्यांच्या डोक्याशी. आणि जे वर्षभर पाठ केलं होतं ते माझ्या तोंडून निघालंच. हळू निघालं, पण निघालं.

"सर, डाग पडलाय. निघेपर्यंत पुसायचं."

त्यांनी वर बघितलं. त्यांना काही कळलं नाही. बापाला त्या वेळी दुसरं काय कळणार? पण अरुंधतीला कळलं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

सामना आम्ही जिंकलो. किती गुणांनी ते मला आठवत नाही. आप्पांनी भिंतीवरून उडी मारली, टोळीने गुलाल उधळला, आणि निवड समितीच्या माणसाने विभागाची यादी वाचली तेव्हा माझं नाव पहिलं होतं. अरुंधतीच्या जागेवर.

मास्तर गुलालात आले नाहीत. त्यांनी पाहुण्यांच्या बाकापुढचं पोतं उचललं, पिळलं. पिवळं पाणी धार लागून पडलं. मग ते माझ्याकडे आले.

"सांगितलंस म्हणालीस."

मी खाली बघितलं.

"शैले, मी इचारतोय."

"न्हाई सांगितलं."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोत्याची घडी घातली, काखेत मारली आणि फाटकातून निघून गेले. आमच्या कोर्टावर ते पुन्हा आले ते पावसाळा संपल्यावर.

गाडी येईपर्यंत अरुंधतीला मंडळाच्या ऑफिसच्या ओसरीत बाकावर निजवलं होतं. आइसकांडीवाल्याकडचा बर्फ रुमालात बांधून गुडघ्यावर ठेवलेला. सर फोन करायला गेले होते. तिने मला निरोप धाडला म्हणून मी गेले. नसते गेले, पण मालनने ढकललं.

ती उठून बसली होती आणि बुटाच्या नाड्या सोडत होती. डावा काढला होता, उजवा निघत नव्हता.

"ओढ जरा," ती म्हणाली.

मी ओढला. ती कळवळली, पण बूट निघाला.

"पोतं ओलं करायचं नसतं, ना?"

मी हातातल्या बुटाची नाडी ओढत राहिले.

"तुमचं कोरडं होतं. मी दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला बघितलं. मला वाटलं, भिजवायचं विसरला असाल तुम्ही." तिने गुडघ्यावरचा बर्फाचा रुमाल सरळ केला. "मी विचारलं होतं तुला."

"व्हय," मी म्हणाले. "विचारलंतंस."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मघाशी मी म्हणाले की आदल्या वर्षी त्या हॉलमध्ये वीस मुली बघत उभ्या होत्या. खरं म्हणजे एकोणीसच. विसावी दाराशी गेली, तिथलं ओलं फडकं उचललं आणि कोर्टाच्या दुसऱ्या टोकाशी गुडघे टेकून पुसायला लागली. तिचे बाबा "अरुंधती, उठ" म्हणाले, दोनदा म्हणाले. ती उठली नाही. पुसत पुसत मध्यावर माझ्यापाशी आली, फडकं माझ्यापुढे केलं आणि कुजबुजली, "कोरड्याने नाही निघत. ओलं घे." मी घेतलं. डाग त्यानेच निघाले. निघताना तिने मला नाव विचारलं, ते मी सांगितलं होतं.

त्या उपकाराचा मला सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला होता. सरांनी मला वहाण म्हटलं, आणि हिने माझी कीव केली. वर्षभर रोज पहाटे पळताना मला हिचा बाप आठवायचा, ही नाही. हिला मी आठवूच द्यायची नाही असं ठरवलं होतं.

"तुझा नंबर किती?" तिने विचारलं.

"कसला?"

"बुटाचा."

"सहा."

"माझाही सहाच." तिने दोन्ही बूट एकत्र धरले आणि माझ्यापुढे केले. पांढरं काहीच उरलं नव्हतं त्यांचं. खाचांत लेप गच्च भरलेला. "राज्य स्पर्धा आमच्या हॉलमध्ये आहे. तुझे हे आत सोडणार नाहीत."

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं. जिंकायचं, सरांना खाली बसवायचं, इथवरच माझा विचार पोचला होता. पुढे लाकूड आहे हे मी विसरले होते.

"मला नकोत तुझे," मी म्हणाले. "उपकार नको मला."

"कोण करतंय उपकार?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वेदनेचं की रागाचं कोण जाणे. "गेल्या वर्षी केला होता. आता नाही करत. तुला हे घालायला लागतील ना, म्हणून देतेय. घाल. माझ्या जागेवर उभी राहा, आणि हे घालून उभी राहा."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिने बूट माझ्या मांडीवर ठेवले आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी ते घेतले. दुसरा इलाज नव्हता असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय. घरी नेऊन धुतले, साबणाने, सोड्याने, रिठ्याने. आईने लिंबू लावून उन्हात ठेवले. तळ बाहेरून स्वच्छ झाला, पण कापडाचा पिवळा रंग गेला नाही. हळदच ती. आप्पांनी विचारलं कुणाचे, तर एका मैत्रिणीचे म्हणाले.

बारा दिवसांनी मी त्या हॉलच्या दारात रांगेत उभी होते. दाराशी स्टुलावर सबनीस सर. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकीचा तळ ते बघायचे, काळा असला तर परत पाठवायचे. दोन मुली रडत बाजूला उभ्या होत्या.

माझी पाळी आली. मी पाय वर केला. त्यांनी खाली न बघता, सवयीने, टाच हातात घेतली. अंगठ्याने तळ घासला. अंगठा थांबला. त्यांनी बुटाचा रंग बघितला, मग नाडीखालची जीभ वर करून बघितली. तिथे निळ्या पेनाने 'अ. स.' लिहिलेलं होतं.

माझी टाच त्यांच्या हातात तशीच होती. त्यांनी मान वर केली, आणि या वेळी त्यांनी मला ओळखलं. सगळं ओळखलं. काळे डाग, पंचा, पोतं, सिमेंटवर त्यांच्या डोक्याशी बोललेलं ते वाक्य. एकेक करून सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मी बघत होते. हेच मला हवं होतं ना? मग मीच नजर का वळवली?

मला वाटलं आता बूट काढायला सांगतील. मी काढलेही असते.

"तळ साफ आहे," ते म्हणाले. मग बुटाची जीभ सरळ करत, "मंगळवारी तिचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, चालायला लागेल." माझी टाच त्यांनी अलगद खाली ठेवली. "जा. नीट खेळ."

दारात ओलं फडकं होतं. तेच असेल किंवा दुसरं. मी त्याच्यावर उजवा पाय पुसला, मग डावा. फडकं पिवळं झालं. बारा दिवस धुतलेले बूट, तरी खाचांतून कुठून कुठून हळद निघत होती. मी घडी पालटली, पुन्हा पुसलं. पुन्हा पिवळं. आत शिट्टी झाली, आमच्या संघाला बोलवत होते, आणि मी पुसतच होते.

"अगं, आवर की," रांगेतून मागची मुलगी म्हणाली. "स्वच्छ झाले कधीच."